तळाला गेलेले

ग्वानत्येनमध्ये भात निघाला की त्याच वाफ्यात
मांडीएवढं पाणी सोडतात,
आणि सप्टेंबर लागला की सासू मला
पहाटे साडेचारला उठवते,
न बोलता, पायाचा अंगठा ओढून.

होडी कसली, गुरांना पाणी पाजायची डोण.
तीत एकच बाई मावते, तीही मांडी घालून.
दोन सदरे, रबरी मोजे, टोपी,
टोपीवरून गुंडाळलेलं फुलाफुलांचं कापड,
उघडे फक्त डोळे.
लांबून सगळ्या सारख्याच.
सासूला मी खोकल्यावरून ओळखते.

वेल उचलायची, उलटी करायची,
पानांखाली चाचपायचं.
देठ सुटला तर घ्यायचं, अडला तर राहू द्यायचं,
आणि वेल होती तशी पाण्यावर ठेवायची,
निजलेल्या पोराची कूस बदलावी तशी.
पहिल्या वर्षी मी नुसती ओरबाडायचे.
ती म्हणाली,
आठ दिवसांनी पुन्हा हिच्याचकडे यायचंय तुला.

दोन शिंगांचं काळं फळ.
रेड्याचं डोकं, म्हणतो माझा मुलगा,
आणि दोन फळांची झुंज लावतो ताटात.
माझ्या माहेरी, दोंग थापला, याला आऊ म्हणतात.
तिथे मी दातांनी फोडायचे, ओठ काळे व्हायचे.
इथे मधोमध चीर देऊन शिंगं धरून दाबतात,
पांढरा गर टुणकन हातात.
चव उकडलेल्या फणसाच्या आठळीची,
पण आठळीहून कमी हट्टी.

घरी आलं की सगळा माल टाकीत ओततो.
तरंगले ते कोवळे:
सोलून ठेवायचे, बरगड्यांच्या रश्श्यात
शेवटी शेवटी टाकायचे,
वरून कोथिंबीर, नाहीतर नुसतं आलं.
बुडाले ते भरलेले:
मिठाच्या पाण्यात तासभर उकडून
हमरस्त्याच्या कडेला, वाफेसकट, पिशवीत.
नवी होते, भाषा येत नव्हती, पोहणंही नाही.
तिने टाकीत हात घातला, तळातला एक काढला,
माझ्या तळव्यावर ठेवला
आणि बोटांनी पैसे मोजून दाखवले.
इथे बुडालेल्याला भाव आहे,
एवढं मला त्याच दिवशी कळलं.

तिचं नाव बोंग-छी.
मला वाटायचं, एखाद्या फुलाचं असेल.
पाचव्या वर्षी नवऱ्याने अर्थ सांगितला:
आलीच आहे तर घ्या चालवून, वाढवा.
चौथी मुलगी होती ती.
मी थाम, म्हणजे गडद लाल,
माझ्या आईने नाव निवडून ठेवलं होतं.
मला काय बोलावं सुचेना.
स्वयंपाकघरात ती शिंगाडे घालून भात लावत होती.
तिथूनच ओरडली,
"वाढले ना! बसा जेवायला."

यंदा तिच्या वाफ्यात कमळपक्ष्याने उशिरा अंडी घातली.
चार, तपकिरी, चकचकीत, पानांच्या ओल्या चटईवर.
अंड्यांवर बसतो तो नर.
मादी केव्हाच पलीकडच्या वाफ्यात, दुसऱ्या संसारात.
सासूला याचं फार हसू येतं.
"बस बाबा, बस," म्हणते होडीतून,
"जेवण आणून देऊ का?"
माझा चिन-हुआत हसत नाही.
त्याने मुकाट्याने बांबू रोवला,
आणि चारी बाजूंनी चार-चार हात
आम्ही कोणी वेल उचलली नाही.

पिल्लं गेली, पानापानावरून, काड्यांसारख्या पायांनी.
तोवर तिथले शिंगाडे जून झाले,
एकेक सुटून चिखलात बसले.
दोन टोपल्या तरी असतील.
मी हिशेब सांगितला.
ती म्हणाली, गुडघे दुखतायत माझे,
आणि डोण दुसरीकडे वळवली.

बांबू अजून तिथेच आहे.
काल धुक्यात कुणाची तरी होडी त्याला आपटली.
मी हात थांबवून वाट पाहिली.
मग खोकला ऐकू आला.